आधी पहारा, मग हत्यार

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते सैन्यातून निवृत्त झालेले आपले सभासद आहेत.)



सकाळी सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाजवळ झेंडावंदन झालं. काल शहरात मंत्रिमंडळाची बैठक होती, त्यामुळे रस्ते बंद होते आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा शनिवार गाडीत बसूनच गेला. परवा गणपती बसणार, खाली मंडपाचे बांबू येऊन पडलेत. अशा गडबडीत तुम्ही माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं भाषण ऐकायला आलात, त्याबद्दल आधी आभार.

सेक्रेटरींनी मला अर्धा तास दिलाय आणि बजावलंय, "काका, लढाईचं सांगा, मुलांना मजा येते. आणि आनंदाचा दिवस आहे, जरा हलकं बोला." आता पंचाईत अशी की मी २८ वर्षं सैन्यात होतो, पण लढलो कधीच नाही. मी ऑर्डनन्स कोअरमध्ये होतो, म्हणजे भांडारात. रायफली मोजायच्या, त्यांचे नंबर लिहायचे, तेल-फडकं, कुलूप-किल्ली. १९९६ साली सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी ही संस्था उभी राहिली तेव्हा पेन्शनच्या पैशांतून इथला फ्लॅट घेतला. सुरुवातीच्या काळात कमिटीनं मला पंपाच्या खोलीच्या किल्ल्या दिल्या होत्या, तेही बहुतेक याच अनुभवावरून.

तर लढाई कशी होते ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज तुम्हाला लढाई संपते कशी, ते सांगणार आहे. हरलेल्या सैन्याची हत्यारं कोण घेतं, कशी घेतं, आणि हत्यार दिल्यानंतर त्या माणसाचं काय होतं. आजच्या दिवसाचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे. आणि हलकं बोलण्याचं वचन मी पूर्ण पाळू शकेन असं वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शरणागती म्हटलं की आपल्याला फोटो आठवतो. टेबलावर कागद, एक जण सही करतोय, दुसरा बघतोय. पण ती सही म्हणजे कामाची सुरुवात असते. त्यानंतर पाच गोष्टी व्हाव्या लागतात. पहिली, ज्याचा हुकूम सगळे मानतात अशा माणसानं "थांबा" म्हणावं लागतं. दुसरी, तो शब्द शेवटच्या चौकीपर्यंत पोचावा लागतो. तिसरी, माणसं ठरल्या जागी गोळा व्हावी लागतात. चौथी, हत्यारं ठेवायची आणि मोजायची. आणि पाचवी, त्या रिकाम्या हातांच्या माणसांना जेवण द्यायचं, त्यांच्यावर पहारा ठेवायचा आणि यथावकाश घरी पाठवायचं. पहिल्या चार गोष्टी लोकांच्या लक्षात राहतात. पाचवी विसरतात.

आता १९४८ मध्ये या.

मुलांसाठी थोडक्यात सांगतो. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपण नाही. आपलं शहर, सगळा मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचा काही भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण जैसे थे काहीच राहिलं नाही. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. दुसरीकडे लातूरचा वकील कासीम रझवी यानं रझाकार संघटना वाढवली. गावं जाळली गेली, माणसं मारली गेली, हजारो कुटुंबं सीमेपलीकडे निघून गेली. आपल्या घराघरांतून या गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत, त्या खऱ्या आहेत.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या. सरकारी नाव ऑपरेशन पोलो, आपल्याकडचे जुने लोक म्हणतात 'पोलीस अॅक्शन'. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. आपल्या बाजूची जबाबदारी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्याकडे होती. शहरावर सहा तुकड्या चालून आल्या. मोठी लढाई झालीच नाही. दुपारी मुलकी अधिकारी पुढे आले आणि त्यांनी शहर स्वाधीन केलं. जालन्यात मात्र चांगलाच प्रतिकार झाला. मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, तिथे निजामाचे गोवळकोंडा लान्सर्स होते. त्यांनी नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारं ठेवली.

१७ तारखेला संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली आणि रझाकार संघटनेवर बंदी घातली. १८ तारखेला हैदराबादच्या बाहेर निजामाचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. चौधरींनी विचारलं, ही बिनशर्त आहे हे समजलंय ना? एल एद्रूस हो म्हणाले. दोन-चार वाक्यांत सगळं आटोपलं.

निजामाचं सैन्य साधारण २२ हजारांचं, त्यातले पूर्ण प्रशिक्षित ६ हजारांच्या आसपास. माझ्यासारख्या भांडारवाल्याच्या नजरेनं बघितलं तर हे काम सोपं होतं. कारण सैन्याची हजेरी असते. प्रत्येक माणसाचं नाव पटावर, प्रत्येक रायफलीचा नंबर रजिस्टरात. कंपनी कमांडरला विचारायचं, किती माणसं, किती रायफली, आणि आकडा जुळवायचा. जुळला नाही तर त्यालाच परत विचारायचं.

रझाकारांचं तसं नव्हतं. त्यांचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जातो. थोड्यांकडे नव्या बंदुका, बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. पट नाही, रजिस्टर नाही. १९ तारखेला रझवीला पकडलं, पण त्यानं सांगावं आणि गावोगावच्या लोकांनी रांगेत येऊन हत्यारं ठेवावीत अशी ती रचनाच नव्हती. कोणी पळालं, कोणी बंदूक विहिरीत टाकली, कोणी खाकी कपडे जाळले आणि दुसऱ्या दिवशी शेतावर गेलं. मग गावात रझाकार कोण होता, हे कसं ठरवायचं? पट नाही तिथे लोक चेहरा बघतात, नाव बघतात, जुनं भांडण बघतात.

इथे थोडं थांबून मी तुम्हाला २३ वर्षं पुढे नेतो, कारण मला ही गोष्ट आधी तिकडे कळली, इकडची नंतर.

१९७१. मी २१ वर्षांचा. आमची भांडाराची तुकडी ९ इन्फंट्री डिव्हिजनच्या मागे जेसोरकडून खुलन्याकडे चालली होती. १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरांपुढे सही केली, तो फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. पण खुलन्याच्या अलीकडे शिरोमणी म्हणून जागा आहे, तिथली लढाई १७ च्या सकाळपर्यंत चालूच होती. सही झाली म्हणून गोळी हवेतच थांबत नाही. १७ ला खुलन्याच्या सर्किट हाउसच्या मैदानावर त्यांच्या ब्रिगेडनं हत्यारं ठेवली.

काम कसं चालतं ते सांगतो. जवान रांगेत येतो. मॅगझिन काढतो, बोल्ट मागे ओढतो, नळी आभाळाकडे. आत गोळी नाही हे आपला माणूस बोट घालून बघतो. मग रायफल एकीकडे, गोळ्या दुसरीकडे, ग्रेनेड तर फारच लांब. मी टेबलाशी बसून नंबर लिहीत होतो. एक वयस्कर हवालदार आला. मी नंबर वाचायला वाकलो, तेवढ्यात त्यानं तो तोंडपाठ म्हणून दाखवला आणि म्हणाला, "बाबूजी, ठीक से लिखना." रायफल ठेवली आणि दोन पावलं गेल्यावर त्याला हातांचं काय करावं ते कळेना. आधी कमरेवर ठेवले, मग मागे बांधले. शत्रूचा माणूस होता. त्याच्या सैन्यानं त्या देशात काय केलं होतं ते आम्ही वाटेत बघितलं होतं. तरी ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मैदानाबाहेर हजारो लोक उभे होते. नऊ महिने सोसलेले. कोणाचा भाऊ गेलेला, कोणाचं घर. त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, 'रझाकार'. मी दचकलो. हा तर आमच्या गावातला शब्द! पाकिस्तानी लष्करानं तिथल्या स्थानिक हस्तकांची जी टोळी उभी केली होती तिचंही नाव रझाकारच, आणि तिची पहिली तुकडी खुलन्यातच उभी राहिली असं सांगतात. त्या लोकांना मैदानात सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत एकही कैदी जिवंत राहिला नसता. म्हणून आमची एक अख्खी कंपनी कैद्यांकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभी होती. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आज त्यांच्यासाठी आपला जवान रात्रभर जागा.

ढाक्यात तर याहून वेगळं झालं. तिथे आपली फौज सुरुवातीला थोडी होती. म्हणून सही झाल्यावरही पाकिस्तानी सैनिकांची हत्यारं काही दिवस त्यांच्याकडेच राहू दिली, स्वतःच्या रक्षणासाठी. आपली पुरेशी माणसं पोचली तेव्हा, १९ डिसेंबरला, कॅन्टोन्मेंटच्या गोल्फच्या मैदानावर ती खाली ठेवून घेतली. जिंकलेल्यानं हरलेल्याच्या हातात बंदूक राहू द्यायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्यात शहाणपण होतं. आधी पहारा, मग हत्यार.

ज्यांना असा पहारा मिळाला नाही त्यांचं काय झालं तेही जगानं बघितलं. १८ डिसेंबरला ढाक्यात भर मैदानात, लोकांसमोर, बांधलेल्या माणसांना संगिनींनी मारलं, त्याचे फोटो जगभर छापून आले. युद्धकैदी मात्र, सैनिक आणि मुलकी मिळून जवळजवळ ९३ हजार, आपण भारतात आणले, सांभाळले आणि १९७४ पर्यंत परत पाठवले. सैनिक म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

ही फुशारकी मी १९७२ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर गावी आलो तेव्हा ओसरीवर बसून सांगत होतो. आमचं गाव तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा फार बोलणारे नव्हते. मी रायफलींचे आकडे सांगत होतो आणि ते सुपारी कातरत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"रातच्याला त्यांच्यावर पहारा कोनाचा व्हता?"

मी म्हटलं, "आमचाच."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि अडकित्ता खाली ठेवला. त्या रात्री त्यांनी मला जे सांगितलं ते त्याआधी घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

१९४८ मध्ये दादा १९ वर्षांचे होते. निजामी शाळेत शिकलेले, उर्दू अक्षर मोत्यासारखं. पोलीस अॅक्शननंतर काही दिवसांनी गावात दवंडी फिरली, ज्याच्याकडे जे हत्यार असेल ते चावडीवर आणून द्या. पटवाऱ्याला लिहायला माणूस हवा होता, म्हणून दादांना बसवलं. हत्यार घ्यायचं, नाव लिहायचं, पावती द्यायची. जुना कारभार उर्दूत, त्यामुळे पावत्याही उर्दूत.

आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब राहायचं. घरातल्या कर्त्या माणसाला दादा चाचा म्हणायचे. चाचा जहागीरदाराकडे शिपाई होते. रझाकारांत ते नव्हते. त्यांचा पुतण्या होता, तो आधीच पळून गेला होता. दवंडी ऐकून चाचा स्वतःहून चावडीवर आले. एक ठासणीची बंदूक, एक तलवार. दादांनी पावती लिहिली. चाचांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. म्हणाले, आता बरं झालं, माझ्याकडे काही नाही याचा सरकारी कागद झाला.

दिवसभरात जमलेली हत्यारं पोत्यांत बांधली, बैलगाडीत घातली आणि संध्याकाळी तालुक्याला रवाना केली. गावात बंदोबस्ताला दोन पोलीस आले होते. ते कुठे गेले? गाडीबरोबर. हत्यारं वाटेत लुटली जाऊ नयेत म्हणून. म्हणजे पहारा हत्यारांबरोबर गेला आणि माणसांजवळ कोणीच राहिलं नाही.

रात्री माणसं आली. बाहेरगावची होती असं गावानं पुढे पोलिसांना सांगितलं. दादा मला म्हणाले, "समदी भाईरची नव्हती. दिवसा रांगेत हुभी राहून बघनारी बी त्यात व्हती." कोणाच्या घरात आता काही नाही, हे त्यांनी चावडीवर उभं राहून बघितलं होतं. माझ्या आजीनं गलका ऐकला आणि मागच्या दारानं चाचांची बायको, सून आणि तीन लेकरं आमच्या घरात ओढून घेतली. आमच्या वाड्याच्या भिंतीत बळद होतं, धान्याचं. त्यात ती पाच जणं दोन रात्री राहिली. चाचा घराबाहेर पडून लोकांना समजावायला गेले होते.

सकाळी दादांनी त्यांना बघितलं तेव्हा पावती खिशातच होती.

आजोबांनी स्वतः गाडी जुंपून त्या बायका-मुलांना शहरापर्यंत सोडलं. पुढे ती हैदराबादला गेली असं ऐकलं. परत कधी आली नाहीत. दादांनी नंतर आयुष्यात उर्दूचं एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटायचं, मराठीचा अभिमान असेल.

मंडळी, हे एका गावाचं झालं असं समजू नका. त्याच वर्षाच्या शेवटी भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या समितीला संस्थानात पाठवलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सगळ्यांत जास्त होरपळले होते. मेलेल्यांचा समितीचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल पुढे कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. काही ठिकाणी ज्यांनी थांबवायचं त्यांनी थांबवलं नाही, हे त्यात आहे. आणि कितीतरी हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवलं, हेही त्यात आहे. माझी आजी कुठल्या अहवालात नाही, पण तिच्यासारख्या पुष्कळ होत्या म्हणायच्या.

एक जण मला म्हणाले होते, "साहेब, मुक्तिदिनाला हे कशाला काढता? रझाकारांनी काय कमी केलं होतं?" कमी केलं नव्हतं. आमच्याच गावातली दोन घरं त्यांनी जाळली होती. म्हणून तर मी या दिवसाला सकाळी झेंड्याला सॅल्यूट करतो, आणि मनापासून करतो. भारतीय सैन्य आलं नसतं तर माझे वडील शिकले नसते, मी सैन्यात गेलो नसतो, आपण इथे असे बसलो नसतो. पण चाचांनी सरकारचं ऐकलं होतं. हत्यार द्या म्हटलं, त्यांनी दिलं. ज्या क्षणी आपण दुसऱ्याचं हत्यार घेतो, त्या क्षणी त्याचा जीव आपल्या रजिस्टरात चढतो. हैदराबादच्या बाहेर एल एद्रूसच्या सैनिकांच्या बाबतीत हे पाळलं गेलं, खुलन्यात पाळलं गेलं. आमच्या चावडीवर पाळलं गेलं नाही. जिंकणाऱ्याला हे सांगता आलं पाहिजे, कारण हरलेल्याचं कोणी ऐकत नाही.

निवृत्तीच्या वेळी माझ्या साहेबांनी विचारलं होतं, २८ वर्षांत काय शिकलास? मी म्हटलं, कुलूप लावायच्या आधी पहारेकरी उभा करायचा. ते हसले. त्यांना वाटलं भांडाराबद्दल बोलतोय.

आपल्या संस्थेत देवाच्या दयेनं हत्यारं नाहीत. ए आणि बी विंगमध्ये पार्किंगवरून जी लढाई तीन वर्षं चालली, तिची शरणागती याच सभागृहात झाली आणि मिनिट्समध्ये नोंदलेली आहे. या २५ वर्षांत इथे सगळ्या जातीधर्माची माणसं राहायला आली. काही वर्षांपूर्वी शहरात गडबड झाली होती, त्या रात्री आपल्या गेटवर वॉचमनशेजारी सहा सभासद खुर्च्या टाकून बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या भाभींनी रात्री २ वाजता सगळ्यांसाठी चहा करून खाली पाठवला. तेव्हा मी त्यांना काही बोललो नाही. आज सांगतो, त्या रात्री मला दादांचा प्रश्न आठवला होता, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या मी मनात उत्तर दिलं होतं.

स्मरणिकेसाठी मजकूर द्या म्हटल्यावर मी हे सगळं मराठीत लिहून काढलं. शेवटी दादांची आठवण म्हणून चाचांचं नाव उर्दूत लिहून बघितलं. मला ते अक्षर दादांनीच शिकवलं होतं, मी लहान असताना, बोटानं धुळीत. म्हणजे कागदावर त्यांनी पुन्हा लिहिलं नाही, पण पुसूही दिलं नाही.

अर्धा तास झाला. सेक्रेटरी घड्याळाकडे बघतायत. मागे पोहे आणि चहा आहे, मुलांसाठी जिलेबी आहे. सगळ्यांना मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा.

जय हिंद.